पंधरा वर्षांच्या दाखल्यावर विसंबू नका

भाऊ, लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक, पुढच्या वर्षी पेन्शन, सेवेवर पदवीसमान दाखला मिळतोय, मग वेगळं शिकायची गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझाही ट्रेड तोच. मी तेव्हा स्वतःला 'गरज नाही' असं सांगून टाकलं आणि त्यात दोन वर्षं गेली. 

दहावी आणि किमान 15 वर्षं सेवा असली की केंद्राच्या गट क मधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव आणि पदवी लागणाऱ्या पदांना तो दाखला चालतो. पण जिथे तांत्रिक कामाच्या अनुभवाची अट नाही, तिथेच. ही दुसरी ओळ मी वाचलीच नव्हती.

एका ठिकाणी गाड्यांच्या देखभालीचं पद होतं, 'डिप्लोमा किंवा समकक्ष'. लेखी परीक्षा पास झालो. सिकंदराबादचं लष्करी ट्रेनिंग, ट्रेडमधली क्लास वन श्रेणी, उणे तापमानात उतरवलेली इंजिनं, एवढं असताना कोण अडवणार? कागदपत्रांच्या पडताळणीला तिथल्या बाईंनी माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं, ट्रेडच्या ओळीवर पेन टेकवलं. "यात विषय कुठे आहेत? किती तास? समकक्ष असल्याचा आदेश?" ओळ होती दोन शब्दांची. नंतर तीनदा गेलो. साहेब नाहीत, लेखी आणा, मुदत संपली. नियमात काय बसेल ते एकदाही कुणी नीट सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे.

म्हणून नोकरीत आहात आणि हेड क्लार्क शेजारच्या खोलीत आहेत तोवर प्रत्येक कोर्सचा कालावधी, विषय आणि ट्रेड क्लासिफिकेशन (ट्रेडमधली तुमची श्रेणी) सही-शिक्क्यासह घ्या. घरी आल्यावर त्याच कागदासाठी पत्रापत्री करत बसावं लागतं. डिप्लोमा हवा असेल तर प्रवेश आत्ताच बघा. नुसती पदवी हवी असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. निवृत्त होणाऱ्या सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा कोर्स मिळाला तर प्रमाणपत्र कोणाचं, ते आधी विचारा. सगळे सिक्युरिटीकडे जातात म्हणून तुम्ही जाऊ नका. ते काम कमी नाही, पण इंजिन उघडणाऱ्या हातांना गेटवर उभं करणं मला पटत नाही. खासगीत बायोडेटावर नुसतं 'हवालदार' लिहू नका. किती गाड्या, किती माणसं सांभाळली ते लिहा.

आणखी एक, विषयाबाहेरचं. केंद्राची पहिली नोकरी लागली की रुजू होताच, त्याआधी कुठेकुठे अर्ज केलेत त्याची तारखेवार यादी लेखी द्या. 2014 च्या आदेशानुसार ती दिली तरच त्या अर्जांना माजी सैनिकाचं आरक्षण पुढे टिकतं. माझ्या एका सोबत्याने दिली नाही, चांगलं पद हातचं गेलं.

हे केंद्राचं सांगतोय. राज्याचे नियम वेगळे असतात, जाहिरात स्वतः वाचा, मी काही अधिकारी नाही. तुमच्या क्लासिफिकेशनचा कागद हातात आहे का, तेवढं कळवा. नसेल तर अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.