मोटर न्यूरॉनचा आजार हातापासून सुरू झाला तर पुढे कसा सरकतो?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, सोलापूरला यंत्रमागावर कामाला. चार महिन्यांपासून उजव्या हाताची पकड जात चालली आहे, तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही, दंडावरचं मांस आपोआप उडतं. डॉक्टरांना मोटर न्यूरॉन आजाराची शंका आहे आणि तो कसा सुरू होतो, कुठे कुठे जातो हे तुम्हाला हवंय. स्पष्टच लिहितो, कारण पुढचा टप्पा आधी माहीत असला तर घरच्यांना तयारीला वेळ मिळतो.

हालचालीचा निरोप दोन पेशींमार्फत जातो. त्यांनाच मोटर न्यूरॉन म्हणतात, आणि या आजारात त्या मरत जातात. पहिली पेशी मेंदूतून तो मज्जारज्जूपर्यंत आणते, दुसरी तिथून स्नायूत पोचवते. पहिली, म्हणजे वरची पेशी मेली की हातपाय ताठतात, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जास्तच उडतो. खालची मेली की स्नायू लुळा पडतो, वाळतो, फडफडतो. एकाच हातात ताठरपणा आणि वाळणं दोन्ही दिसलं की न्यूरॉलॉजिस्टचा संशय बळावतो. ही जोडी १८६९ मध्ये फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी मांडली. एका पेशीचं काम थांबलं की शेजारच्या पेशी नवे फाटे काढून तिचे स्नायूतंतू सांभाळतात, त्यामुळे बरंच नुकसान होईपर्यंत ताकद कमी झालेली कळतच नाही. त्यात दुखणं नाही, बधिरपणा नाही. म्हणून माणूस मालीश करत महिने घालवतो.

साधारण दोन तृतीयांश रुग्णांत सुरुवात हातात किंवा पायात होते. पायात असेल तर चवडा उचलत नाही, चप्पल निसटते. सुमारे चौथ्या हिश्श्यात बोबडं बोलणं आणि पाण्याचा ठसका हे पहिलं लक्षण असतं. श्वासापासून सुरुवात फार थोड्यांत. हाताच्या बाबतीत एक खूण घरीच बघता येते. दोन्ही पंजे पालथे ठेवा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली मांसल जागा शेजारी शेजारी बघा. या आजारात ती जागा आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आधी खोल जातो, करंगळीकडची गादी त्या मानाने टिकून असते. मात्र नुसतं मांस उडत असेल, ताकद आणि जाडी शाबूत असेल, तर घाबरायचं कारण सहसा नसतं.

पसरणं सहसा शेजारून शेजारी होतं. पंजातून कोपर, खांदा, मग बऱ्याचदा दुसरा हात, मग पाय किंवा घसा, आणि शेवटी छातीचा पडदा, म्हणजे श्वास ओढणारा स्नायू. हा क्रम प्रत्येकात तंतोतंत तसाच नसतो. वेगाबद्दल बोलायचं तर पहिल्या काही महिन्यांतला उतार पुढच्या उताराचा बऱ्यापैकी अंदाज देतो. त्यासाठी रोजची कामं किती जमतात हे मोजणारी ४८ गुणांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यावर सरासरी महिन्याला एखादा गुण कमी होतो. लक्षणं सुरू झाल्यापासून निम्मे रुग्ण साधारण ३ वर्षांच्या आसपास जातात, सुमारे १० टक्के १० वर्षांपलीकडे जगतात. स्टीफन हॉकिंग यांचं निदान १९६३ मध्ये झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण त्यांचा आजार अपवादाने संथ होता. त्यावरून वडिलांचा हिशेब करू नका.

डोळ्यांची हालचाल, स्पर्श, लघवी-संडासवरचा ताबा बहुधा शेवटपर्यंत राहतो. ऐकू येतं, समजतं. काहींना विनाकारण रडू किंवा हसू कोसळतं. ते मनाचं दुबळेपण नाही, वरच्या पेशींचं लक्षण आहे. सुमारे निम्म्या रुग्णांत विचार किंवा वागण्यात थोडाफार फरक पडतो, काहींत तो मोठा असतो.

माझ्या मते घरच्यांनी हातापेक्षा श्वासाकडे जास्त लक्ष ठेवावं. छातीचा पडदा थकू लागला की तो आधी झोपेत कळतो. उताणं झोपवत नाही, उशा वाढतात, रात्री दचकून जाग येते, सकाळी डोकं दुखतं, दिवसा डुलक्या येतात. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी फुंकर मारायची फुफ्फुसाची तपासणी बसून आणि झोपून दोन्ही करायला सांगा. उपाय बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. नुसता ऑक्सिजन लावल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. तातडीच्या वेळी ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांना तुम्ही आधी सांगा.

गिळण्यात सगळ्यात अवघड असतं ते पातळ पाणी, आणि त्याखालोखाल भुगा होणारे पदार्थ. म्हणजे आपली कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी नेमकी धोक्याची. ठसके सुरू झाले की भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, माडगं दाट करून, हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट. ठसक्याच्या भीतीने माणूस पाणीच टाळतो, आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात कफ घट्ट होऊन सुटत नाही. तेव्हा दाट केलेलं पातळ दिवसभर थोडं थोडं द्या. दर आठवड्याला वजन लिहा. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली की पोटातून नळी घालायचा विषय काढा. श्वास बरा असतानाच ती घालणं सुरक्षित असतं.

निदान अजून पक्कं नाही, तेव्हा सारखी दिसणारी दुखणी आधी बाजूला काढा. मानेत मज्जारज्जू दबलाय का यासाठी मानेचा एमआरआय, मग ईएमजी (स्नायूंची विजेची तपासणी) आणि नर्व्ह कंडक्शन (नसांतून निरोप कसा जातो याची तपासणी), रक्तातलं बी १२, थायरॉइड. नसांचा एक आजार हुबेहूब असाच एका हातात सुरू होतो, पण इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनने सुधारतो. तो नर्व्ह कंडक्शनवर सापडतो, म्हणून ही तपासणी घाईत उरकू देऊ नका. सोलापुरात शंका फिटली नाही तर बंगळुरूच्या निमहान्स या मेंदूविकारांच्या रुग्णालयात दुसरं मत घ्या.

या आजारावर रिलुझोल हे औषध ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. गेलेली ताकद त्याने परत येत नाही, चाचण्यांत आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढलं. लिव्हरची रक्ततपासणी सुरुवातीला दर महिन्याला लागते. व्यायाम सांधे आखडू नयेत इतपतच. दुसऱ्या दिवशीही हात थकलेला राहिला तर तो जास्त झाला. "पूर्ण बरं करतो" म्हणणाऱ्या महागड्या स्टेम सेल इंजेक्शनवर कर्ज काढू नका. त्या पैशात बायपॅप, कफ ओढून काढणारं सक्शन यंत्र आणि मागे कलणारी खुर्ची येते.

पुढच्या भेटीला जाताना दंड उडतानाचा आणि तोंड उघडून जीभ आत सैल ठेवलेली असतानाचा, असे मोबाईलवरचे दोन छोटे व्हिडिओ घेऊन जा. सैल जिभेवरची फडफड डॉक्टरांना निदानाकडे लवकर नेते.