कानाचं वय वेगळं, डोळ्यांचं वेगळं

प्रश्न : ताई, घरात तीन मुलं आहेत. धाकटी ४ वर्षांची, मुलगा ९ चा (इंग्लिश मीडियम), आणि जावेची मुलगी १३ ची. मुलासाठी हौसेने 'श्यामची आई' आणली, त्याने दोन पानं वाचली आणि ठेवून दिली, आता ते पुस्तक टीव्हीखाली धूळ खातंय. दुकानात 'वय ८ ते १२' छापलेलं बघून उचलते आणि दर वेळी फसते. वयाप्रमाणे काय घेऊ? – एक आई, नाशिक

उत्तर : कव्हरवरचं वय आधी विसरा. इंग्लिश मीडियमच्या मुलांचं मराठीत असं होतं की कान नऊ वर्षांचे असतात आणि डोळे सहा वर्षांचे. माझा भाचा तुमच्या मुलाएवढाच आहे. परवा वाचताना 'स्वातंत्र्य' आलं आणि त्याचं बोट 'त्र्य'वर थांबलं. आधी 'स्वातं' म्हणाला, मग माझ्याकडे बघितलं, आणि शब्द सांगेपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं होतं हेच विसरला. रफार, जोडाक्षरं यात सगळी ताकद जाते, गोष्टीपर्यंत पोचणार कधी? तोच मुलगा मी फास्टर फेणे वाचून दाखवते तेव्हा मांडी मोडून उभा राहतो, फुरसुंगीचा बन्या सायकलवर निघाला की 'पुढे वाच पुढे वाच' चालू. (पण मोबाईल का नाही लावला त्याने, हा प्रश्न येतोच, तयारीत रहा.)

म्हणून त्याच्यासाठी दोन ढीग करा. एक ऐकायचा, एक स्वतः वाचायचा. दुकानात पुस्तक मधूनच उघडून एक पान त्याला वाचायला द्या, अडला की एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते ऐकायच्या ढिगात. नको असेल तर सरळ परत ठेवा, घरी आणून आपलीच चिडचिड होते.

आणि श्यामची आई टाकून देऊ नका हो! साने गुरुजींनी ते १९३३ साली तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, त्यातली प्रकरणं म्हणजे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशा ४२ रात्री आहेत, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज एकेक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तक मुळात सांगायचंच आहे आणि आपण ते मुलाच्या हातात देऊन 'वाच' म्हणतो. झोपताना एक रात्र वाचा, पहिलीपासूनच सुरू केलं पाहिजे असं काही नाही. 'मुकी फुले' किंवा 'मोरी गाय' घ्या, मग बघा तो काय म्हणतो ते.

स्वतः वाचायला मात्र सोपं द्या, अगदी लाजू नका. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४ अशी वाचनाची पायरी छापलेली असते, त्यातली दुसरी घ्या, वय नऊ असलं तरी. फक्त 'हे लहान मुलांचं आहे' असं त्याच्यासमोर बोलू नका. चिंटूच्या चित्रपट्ट्याही चालतात, चार चौकटी वाचून हसला म्हणजे वाचलंच की. 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात, त्यातली कोडी आधी दाखवा, गोष्टी मग तो आपणहून बघेल.

धाकटीसाठी माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' बघा, घरातल्याच माणसांची छोटी छोटी पुस्तकं आहेत. एक सांगते, प्रदर्शनात वीस-तीस रुपयांना चकचकीत पुस्तकं मिळतात, त्यातलं मराठी बऱ्याचदा भयंकर असतं, 'कोंबडीने म्हणाली' टाइपचं. घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या एक पान मोठ्याने वाचा, लोक बघतात तर बघू देत. तुमचीच जीभ अडखळली तर नको. शेवटी तात्पर्य छापलेलं असेल तरी मी ठेवून देते, पण हा माझा खडूसपणा समजा.

तेरा वर्षांच्या मुलीला तुम्ही काही आणूच नका, लायब्ररीची मेंबरशिप काढून द्या आणि काय घेतलंस म्हणून चौकशी करू नका. फारच वाटलं तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' घरात कुठेतरी पडू द्या. १९८१ चं पुस्तक आहे पण गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीतला एवढा मोठा शास्त्रज्ञ होतो ही हकीकत अजूनही पोरं एका बैठकीत संपवतात. हातात नेऊन दिलंत तर मात्र वाचणार नाही, हे वयच तसं.

प्रश्न : माझा ३ वर्षांचा मुलगा रोज रात्री एकच माकडाचं पुस्तक आणतो, नवीन उघडूच देत नाही. कंटाळा आलाय. काय करू? – एक बाबा, ठाणे

उत्तर : वाचा! पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं आणि तसंच होतं, मजा त्याचीच आहे. कंटाळा तुम्हाला आलाय, त्याला नाही. मुद्दाम एखादा शब्द चुकवा, माकडाच्या जागी म्हैस म्हणा, तो ओरडून दुरुस्त करेल. नवीन पुस्तक जवळच जमिनीवर ठेवा, बोलू नका त्याबद्दल. आणि जुन्याला आत्ताच सेलोटेप लावून घ्या, शिवणीतून पानं सुटली की रात्री साडेदहाला रडारड होते, आमच्याकडे झालीये.