‘गेम ऑफ थ्रोन्स’ : तुमचे प्रश्न, आमची बडबड

प्र. – सिरीज दोनदा बघून झाल्यावर आता जॉर्ज आर. आर. मार्टिनचं मूळ पुस्तक हातात घेतलं तर परागंदा राजकन्या डेनेरिस चक्क 13 वर्षांची, स्टार्क घरातले रॉब आणि जॉन 14 चे! एवढी वयं का वाढवली?

उ. – कागदावर वय एकदा वाचलं की आपण विसरून जातो, डोळ्यासमोर आपल्या सोयीचा चेहरा आणतो. कॅमेऱ्यापुढे तसं चालत नाही ना, तिथे खरोखरची मुलगी उभी करावी लागते आणि डेनेरिसच्या वाट्याला पहिल्याच भागात जे लग्न येतं ते बघता लहान मुलगी घेणं शक्यच नव्हतं. मग सगळ्याच पोरांची वयं वर सरकवली, आणि एक आकडा हलला की बाकीचं गणितही हलतं, म्हणून रॉबर्ट ज्यातून राजा झाला ते बंड पुस्तकात साधारण 15 वर्षांपूर्वीचं आहे ते सिरीजमध्ये 17 वर्षांपूर्वीचं झालं. रॉबचा बाप नेड तर पुस्तकात 35 चा, ते काम करणारा शॉन बीन तेव्हा पन्नाशी गाठलेला, पण ते कुणाला खटकलं नाही (मला तर अजिबातच नाही). डेनेरिसच्या टारगेरियन घराण्याचे जांभळे डोळेही गेले. लेन्स लावून बघितल्या होत्या, पण डोळेच झाकले तर बिचाऱ्या नटांनी अभिनय करायचा कशाने.

प्र. – आधी केलेला पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, फेकून दिला म्हणतात, खरंय का?

उ. – खरंय. 2009 च्या शेवटी नॉर्दर्न आयर्लंड, स्कॉटलंड आणि मोरोक्कोत शूटिंग झालं, स्टार्क लोकांचं घर विंटरफेल म्हणून स्कॉटलंडचा डून किल्ला वापरला. मग बेनिऑफ आणि वाइस या कर्त्याधर्त्या जोडीने मित्रांना बोलावून तो दाखवला, तर एपिसोड संपला तरी बघणाऱ्यांना पत्ताच नाही की जेमी आणि रॉबर्टची राणी सर्सी बहीणभाऊ आहेत! आता शेवटचा सगळा धक्काच त्यावर, त्या दोघांना नको त्या अवस्थेत बघणाऱ्या रॉबच्या धाकट्या भावाला, ब्रॅनला खिडकीतून का ढकललं हेच कळलं नाही तर उरलं काय. पुस्तकात ‘तिचा जुळा भाऊ’ एवढं लिहिलं की काम झालं, पडद्यावर ते कुणाच्या तरी तोंडी घालावं लागतं आणि तेही माहिती देतोय असं न वाटता. माझ्या मते या कामात सगळ्यात अवघड हेच, त्यापेक्षा ड्रॅगन परवडले. शेवटी बहुतेक सगळं परत शूट केलं, डेनेरिस आणि नेडची बायको कॅटलिन करणाऱ्या नट्या बदलल्या आणि 17 एप्रिल 2011 ला पहिला भाग आला.

प्र. – पहिल्या सीझनमध्ये सर्सीचा बुटका भाऊ टिरियन लढायला निघतो, बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तोवर लढाई खलास. ही फसवणूक नाही का?

उ. – आहेच की. पुस्तकात ती लढाई टिरियनच्याच नजरेतून सविस्तर आहे, इथे तेवढं बजेट नव्हतं म्हणून त्याला सुरुवातीलाच आडवा केला. पण तंगीतून एक चांगलंही निघालं. काही एपिसोड लांबीला कमी भरले, आणि दोन माणसं खोलीत बसवून बोलत ठेवणं सगळ्यात स्वस्त, त्यातूनच रॉबर्ट आणि सर्सी आपल्या मोडक्या संसाराबद्दल बोलत बसतात तो सीन आला. पुस्तकात तो नाहीच, असूही शकत नव्हता, कारण 1996 चं पहिलं पुस्तक प्रोलॉग सोडला तर आठ जणांच्या नजरेतून चालतं आणि त्या आठांत हे दोघं नाहीत. पुस्तकापेक्षा सरस जागा दाखव म्हणालात तर मी हीच दाखवीन. लढाईची उधारी दुसऱ्या सीझनला ‘ब्लॅकवॉटर’मध्ये फेडली, तो एपिसोड मार्टिनने स्वतः लिहिलाय.

प्र. – स्टार्क पोरांनी पाळलेले ते मोठे लांडगे खरे होते का?

उ. – पहिल्या सीझनला लांडग्यासारखी दिसणारी कुत्री, नंतर खरे लांडगे वेगळे शूट करून, कॉम्प्युटरवर मोठे करून सीनमध्ये बसवले.

प्र. – रॉबसोबत वाढलेल्या थिऑनच्या बहिणीचं नाव पुस्तकातल्या आशाचं यारा का केलं?

उ. – कारण ब्रॅनसोबत ओशा नावाची बाई आधीच होती. वाचताना चालतं हो, ऐकताना घोळ होतो.