वाचकांचे प्रश्न : पॅट्सी क्लाइनच्या ध्वनिमुद्रिका

प्रश्न : पॅट्सी क्लाइन या अमेरिकन कंट्री गायिकेचे ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ १९५७ मध्ये गाजले, पण त्यानंतर १९६१ पर्यंत तिचे एकही गाणे चालले नाही. पुढे ओवेन ब्रॅडली या निर्मात्याने तिचा आवाज घडवला आणि मग तिला यश मिळाले, असे वाचनात आले. हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या समजाला तारखांचा आधार मिळत नाही. व्हर्जिनियातील विंचेस्टरच्या या गायिकेचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण १ जून १९५५ रोजी नॅशव्हिलमध्ये सुरू झाले, आणि ते ओवेन ब्रॅडली यांच्याच देखरेखीखाली झाले. पुढच्या पाच वर्षांतील तिचे बहुतेक काम त्यांनीच सांभाळले आणि १९६० नंतरचेही त्यांनीच. निर्माता तोच, शहर तेच, साथीदारांपैकी अनेक जण तेच आणि गळाही तोच होता. १९६० मध्ये बदलला तो करार, आणि माझ्या मते तिच्या कारकिर्दीचे मर्म त्या करारातच आहे.

३० सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने कॅलिफोर्नियातील ‘फोर स्टार’ या छोट्या कंपनीचे मालक बिल मॅकॉल यांच्याशी करार केला. कंपनीने मंजूर केलेलीच गाणी गायची अशी अट त्यात होती, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की ज्या गाण्यांचे प्रकाशनहक्क फोर स्टारकडे होते तेवढीच तिच्या वाट्याला आली. ध्वनिमुद्रिका बाजारात आणण्याचे काम डेका आणि तिची उपकंपनी कोरल यांच्याकडे होते, परंतु गाणे निवडण्याचा अधिकार मॅकॉल यांच्या हातात राहिला. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) दर २.३४ टक्के होता आणि स्टुडिओचा खर्च त्यातूनच वळता केला जाई, त्यामुळे गाणे लोकप्रिय झाले तरी गायिकेच्या हाती फारसे काही पडत नसे.

मॅकॉल यांना या अटीचा आग्रह का होता, हे त्या काळच्या अमेरिकन कायद्यावरून कळते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे दर गाण्यासाठी २ सेंट प्रकाशकाकडे जात आणि त्यातून कवी-संगीतकाराचा वाटा दिला जाई. ध्वनिमुद्रण आणि प्रकाशनहक्क हे दोन्ही एकाच माणसाकडे असले, की बाहेरचे चांगले गाणे घेण्यात त्याला तोटा आणि घरचे सामान्य गाणे घेण्यात फायदा. त्या वर्षांतल्या तबकड्यांची लेबले जवळून पाहावीत : गीतकाराच्या नावाशेजारी अनेक ठिकाणी ‘डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन’ हे दुसरे नाव छापलेले दिसते. हे मॅकॉल यांनीच घेतलेले टोपणनाव होते. म्हणजे प्रकाशकाच्या वाट्यासोबत गीतकाराच्या वाट्यातलाही भाग त्यांच्याकडे वळत होता.

या करारात तिने ५१ गाणी गायली. त्यांत वॉल्ट्झ आहेत, भक्तिगीते आहेत, रॉकबिलीच्या, म्हणजे कंट्री आणि रॉक यांच्या मिश्रणाच्या, ठेक्यावरची गाणी आहेत, शहरी पॉप वळणाचीही आहेत, आणि ती ओळीने ऐकताना एका समर्थ गायिकेवर कोणते कपडे चांगले दिसतील हे कुणालाच ठाऊक नसावे, असे वाटत राहते. आवाजात मात्र कुठेही कच्चेपणा नाही, आणि म्हणूनच आवाज नंतर घडवला गेला हे म्हणणे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते.

‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ हेही फोर स्टारच्याच संग्रहातले गाणे होते. ते तिला सुरुवातीला आवडले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुद्रित झाले आणि २१ जानेवारी १९५७ रोजी आर्थर गॉडफ्रे यांच्या दूरचित्रवाणीवरील नवोदितांच्या स्पर्धेत ती ते गायली व जिंकली. झालरीचा काउगर्ल पोशाख घालण्याची तिची इच्छा होती, पण कार्यक्रमाच्या संयोजकांनी तिला साधा समारंभी झगा घालायला लावला. त्यानंतर घाईने बाजारात आणलेले गाणे लोकप्रिय गाण्यांच्या कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि पॉपच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेले. एवढी मागणी निर्माण झाल्यावर लगेच तोलामोलाची गाणी मिळायला हवी होती. ती त्या संग्रहात नव्हती.

१९६० मध्ये करार संपला, डेकाने तिला थेट घेतले आणि १६ नोव्हेंबर १९६० रोजी, नव्या व्यवस्थेतील अगदी पहिल्याच सत्रात, ‘आय फॉल टु पीसेस’ मुद्रित झाले. हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचे हे गाणे इतरांनी नाकारलेले होते. पॅट्सीही साशंक होती, कारण साथीला जॉर्डनेअर्स हा चार पुरुषांचा गायकवृंद होता आणि त्यात आपला आवाज बुडेल अशी तिला भीती वाटत होती. १९६१ च्या जानेवारीत आलेले गाणे महिनोन्‌महिने हळूहळू वर चढत ऑगस्टमध्ये कंट्रीच्या यादीत पहिले झाले.

ब्रॅडली यांचे श्रेय यात कमी नाही, पण ते आवाज घडवण्याचे नसून त्याच्याभोवती जागा मोकळी करण्याचे आहे. फिडल (लोकशैलीत वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारून त्यांनी पियानो, वृंदगायन आणि पुढे व्हायोलिनांचा ताफा आणला. ठेक्यासाठी बॉब मूर उभा बास हे खर्जातले मोठे तंतुवाद्य वाजवत, आणि त्याच्या जोडीने ओवेनचे बंधू हॅरल्ड ब्रॅडली सहा तारांच्या बास गिटारवर तेच स्वर तार दाबून वाजवत. त्यातून निघणाऱ्या कोरड्या ‘टिक-टॅक’ आवाजामुळे ठेका स्पष्ट राही आणि तरीही गाण्यावर चढत नसे. हेडफोन लावून ‘आय फॉल टु पीसेस’ ऐकल्यास हा आवाज सहज सापडेल.

प्रश्न : ‘क्रेझी’ हे गाणे पॅट्सी क्लाइनने अपघातानंतर कुबड्या घेऊन, एका दमात, एकाच टेकमध्ये गायले असे सांगतात. तसे घडले का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : कुबड्या खऱ्या आहेत आणि एकच टेकही खरा आहे, परंतु दोन्ही एका दिवसाचे नव्हेत.

१४ जून १९६१ रोजी नॅशव्हिलमध्ये समोरासमोर झालेल्या मोटारींच्या धडकेत ती काचेवर आदळली. कपाळ फाटले, मनगट मोडले, खुब्याचा सांधा निखळला आणि जवळजवळ महिनाभर ती इस्पितळात होती. २१ ऑगस्टला ती कुबड्यांवर स्टुडिओत आली. हे गाणे लिहिणारे विली नेल्सन तेव्हा प्रामुख्याने गीतकार म्हणून ओळखले जात. ‘क्रेझी’ची त्यांनी स्वतः गाऊन दिलेली नमुना-ध्वनिफीत तिला पसंत पडली नव्हती, कारण ते शब्द ठेक्याच्या मागेपुढे टाकत बोलल्यासारखे गात. त्या काळी नॅशव्हिलमध्ये तीन तासांच्या एका सत्रात सगळ्यांनी एकत्र बसून तीन-चार गाणी पुरी करण्याचा रिवाज होता. इथे एकाच गाण्यावर चार तास गेले आणि तरीही बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे स्वर तिला पेलेनात. ब्रॅडली यांनी वादकांचे मुद्रण राखून ठेवले आणि तिला घरी पाठवले. सुमारे तीन आठवड्यांनी ती परत आली आणि त्या तयार साथीवर एकाच टेकमध्ये गाऊन मोकळी झाली.

साथ आधी आणि गायन नंतर ही पद्धत आज सर्रास चालते, पण तेव्हा ती अपवादात्मक होती, आणि बहुट्रॅक फितीची सोय असल्यामुळेच शक्य झाली. माझ्या दृष्टीने या सक्तीच्या विश्रांतीचा गाण्याला लाभच झाला. पहिल्याच शब्दात स्वर वरून खाली उतरतो, तिथे ती जराही घाई करत नाही. फ्लॉइड क्रेमर यांच्या पियानोला उत्तर द्यायला जागा ठेवते आणि मग पुढे सरकते. नेल्सन यांची मागेपुढे करण्याची लकब तिने पूर्ण टाकली नाही आणि तिची नक्कलही केली नाही. गाणे कंट्रीच्या यादीत दुसऱ्या व पॉपच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोहोचले.

प्रश्न : आमच्या घरी जिम रीव्हज यांच्या कॅसेट फार होत्या. त्यांचे आणि पॅट्सी क्लाइनचे एक युगुलगीत ऐकल्याचे आठवते. दोघे एकत्र केव्हा गायले?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे, मात्र त्या दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण कधीच केले नाही. पॅट्सी ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतील कॅम्डनजवळ विमान अपघातात गेली आणि रीव्हज ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ, तशाच अपघातात. आपण ऐकलेले गाणे बहुधा ‘हॅव यू एव्हर बीन लोन्ली’ असावे. ते १९८१ मध्ये तयार झाले. दोघांनीही हे गाणे आपापल्या कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे गायलेले होते. मूळ फितींवर गायनाचा ट्रॅक वेगळा असल्यामुळे दोन्ही आवाज सोडवून घेता आले, पट्टी आणि लय जुळवण्यात आली आणि खाली साथ नव्याने वाजवून घेतली गेली. हे काम ओवेन ब्रॅडली यांनीच केले. कसब वादातीत आहे; तरीही गाताना एकाने दुसऱ्याचे ऐकलेले नाही, हे मला त्यात जाणवते आणि म्हणून मी ते गाणे फारसे लावत नाही.

पॅट्सीच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांच्या साठ्यावर कंपनीने दीर्घकाळ काम केले, याचेही कारण आहे. हयातीत तिचे स्टुडिओ अल्बम तीनच निघाले : १९५७, १९६१ आणि १९६२ मध्ये. ४ ते ७ फेब्रुवारी १९६३ या चार दिवसांत ती पुढच्या अल्बमसाठी गायली होती, आणि ‘स्वीट ड्रीम्स’ त्याच दिवसांतले. मृत्यूनंतर ते कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. १९६७ मध्ये निघालेल्या तिच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाने पुढे अमेरिकेत १ कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. १९७३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेली ती पहिली एकल गायिका ठरली.

आपल्याला तिचा आवाज स्वतंत्रपणे ऐकायचा असेल, तर त्याच फेब्रुवारीतील ‘फेडेड लव्ह’ ऐकावे. शेवटच्या शब्दापूर्वी तिने घेतलेला श्वास त्यात स्वच्छ ऐकू येतो, आणि ब्रॅडली यांनी तो तसाच राहू दिला आहे.