लपणात बसलात आणि पाहुणे आले

इंग्लंडमध्ये वुडपिजन या रानकबुतरांचे थवे रेप या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाच्या कोवळ्या पानांवर, लोळलेल्या गव्हावर आणि धसकटात सांडलेल्या बार्लीवर तुटून पडतात. शेतकऱ्याच्या परवानगीनं डिकॉय म्हणजे भुलवणीची प्लॅस्टिकची किंवा मेलेली कबुतरं मांडून, जाळीच्या लपणात बसून हे थवे आवरणाऱ्या वाचकांची या वेळची पत्रं बहुतेक एकाच अडचणीची आहेत. वाट पाहायची कबुतराची आणि यायचं भलतंच कुणीतरी.

प्रश्न : शेतातून सार्वजनिक पायवाट जाते. ऐन थवा उतरत असताना कुत्रं घेऊन एक जोडपं थेट डिकॉयपर्यंत आलं. अशा वेळी नेमकं काय करावं? आणि पायवाट असलेल्या शेतात बसावं की नाही?
वाचक, हॅम्पशायर

जाळी कबुतराला फसवते तशी माणसालाही फसवते, हे आधी धरून चाला. त्यांना तुम्ही दिसलेला नसता. त्यांच्या दृष्टीनं ते मोकळ्या वाटेवर असतात आणि ते बरोबरच असतं.

आधी बंदूक. दुनळी असेल तर उघडायची, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकायची आणि ती उघडीच ठेवायची. नुसती सेफ्टी मागे ओढून भागत नाही. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतली कमान ताणलेलीच राहते. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर चेंबर मोकळी करा, मॅगझिनमधलीही काडतुसं काढा आणि बोल्ट मागे अडकवून ठेवा. सोबत दुसरा बंदूकवाला असेल तर कुणी येत असल्याचं मोठ्यानं सांगा आणि त्याचीही बंदूक उघडलेली डोळ्यांनी पाहा.

मग फिरतं यंत्र बंद करा. दोन लांब दांड्यांवर पाखरं गरगर फिरवणाऱ्या यंत्राची दांडी कुत्र्याच्या तोंडावर बसते आणि घोडा तर पाखरांच्या पंखांवरच्या पांढऱ्या लकाकीनंच बुजतो. त्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीला रिमोटचं बटण जोडून घ्यावं. तारेचा स्विच यंत्राजवळ असेल तर बंद करायला लपणातून उठून पळावं लागतं, आणि पाहुणे समोर असताना नेमकं तेच करायचं नसतं.

नंतर तोंडावरची जाळीची टोपी वर सरकवा, मग बोला आणि सर्वांत शेवटी उभे राहा. हा क्रम मोडू नका. झुडपातून तोंड झाकलेला, हातात बंदूक असलेला माणूस एकदम उठला तर कुणाच्याही काळजात धस्स होईल. साध्या आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, बंदूक उघडली आहे हे सांगा आणि त्यांना सावकाश जाऊ द्या. कुत्र्यामागे धावू नका. शिकारी जातीचं कुत्रं डिकॉय उचलून नेणारच. फक्त पाळण्याच्या, म्हणजे डिकॉय धरून ठेवणाऱ्या तारेच्या चौकटीच्या, अणकुचीदार तारांवर मेलेली पाखरं टोचून ठेवली असतील, तर मालकाला कुत्रं दोरीवर घ्यायला लगेच सांगा. त्या तारेनं कुत्र्याची टाळू फाटते.

घोडेस्वार असेल तर आणखी थांबा. तो समोरून गेला म्हणून काडतूस भरू नका. शेताची कड ओलांडून दूर जाईपर्यंत बार नाही. पाठीमागून आलेल्या आवाजानं घोडा जास्त उधळतो.

आता बसावं की नाही याबद्दल. खरं काम जाळी ताणण्याच्या आधीचं आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यावर हिरव्या आखूड रेघांची तुटक ओळ म्हणजे पायवाट आणि लांब रेघांची ओळ म्हणजे घोडेस्वारांचीही वाट. सहा नंबरचा छर्रा उंच कोनात उडाला तर २०० मीटरच्या पुढे जाऊन पडतो. म्हणून समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात ३०० मीटरपर्यंत वाट येत असेल तर ती जागा सोडा. वाट पाठीमागे, दाट हेजच्या (झुडपांच्या कुंपणाच्या) पलीकडे असेल तर बसायला हरकत नाही. वारा पाठीवर घेतला की कबुतर समोरून, वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि तुमचा सगळा मारा वाटेच्या उलट दिशेला राहतो. मात्र मागे वळून डोक्यावरून जाणारं पाखरू मारायचं नाही, हे बसण्यापूर्वीच ठरवा. मागच्या बाजूला जाळीचा एक खांब तिरका करा आणि वीतभर फट ठेवा, म्हणजे मागून येणारा दिसेल. कानात साधे बोळे घातले तर कुत्र्याचं भुंकणंही कळत नाही. बार दाबून बोलणं ऐकू देणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ इथे सुरक्षिततेचं साधन आहेत.

गाडीरस्त्याचा नियम वेगळा आहे. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या, म्हणजे सुमारे १५ मीटरच्या आत बार काढला आणि त्यामुळे रस्त्यावरच्या कुणाला इजा, अडथळा किंवा धोका झाला, तर १९८० च्या हायवेज अॅक्टच्या कलम १६१ खाली तो गुन्हा ठरतो. वाटेच्या दोन्ही टोकांना पाटी लावायला हरकत नाही. तिच्यावर शूटिंग चालू असल्याचं लिहा आणि कुत्रं दोरीवर ठेवण्याची विनंती करा. ‘वाट बंद’ असं चुकूनही लिहू नका. लोकांना वाटेवर येण्यापासून परावृत्त करणारी खोटी पाटी हाच गुन्हा आहे.

स्कॉटलंडमध्ये बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की २००३ च्या लँड रिफॉर्म अॅक्टनं लोकांना वाट सोडूनही हिंडायचा हक्क दिला आहे. पेरलेलं किंवा उभं पीक त्यातून वगळलं असलं तरी शेताचे बांध आणि कापणी झालेली रानं मोकळी असतात. धसकटावर बसलात तर माणूस कुठूनही येऊ शकतो.

प्रश्न : पाखरं छान येत होती. अचानक एक ससाणा आला, डिकॉयवर झडप घालून बसला आणि नंतर तासभर एकही कबुतर फिरकलं नाही. त्याला हाकलावं का?
वाचक, लिंकनशायर

हाकलायची गरज नाही आणि त्याच्या दिशेनं बंदूक वळवायची तर मुळीच नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टनं सगळ्या शिकारी पक्ष्यांना संरक्षण दिलं आहे. बहिरी ससाणा, गॉसहॉक आणि रेड काइट ही घार तर त्याच्या पहिल्या, जादा संरक्षणाच्या परिशिष्टात आहेत.

आला कोण, यावर पुढचं ठरतं. बहिरी उंचावरून येते. तिची चाहूल लागताच सगळी कबुतरं एकदम वर उठतात आणि आसपासची रानंही रिकामी होतात. अशा वेळी चहा घ्या. स्पॅरोहॉक शिक्र्याच्या जातकुळीतला, हेजला चिकटून कमरेएवढ्या उंचीवरून येतो. त्याची मादी नरापेक्षा बरीच मोठी असते आणि कबुतर उचलायची तिचीच ताकद. ती प्लॅस्टिकच्या डिकॉयवर आपटते, चूक कळली की उडून जाते आणि पाखरं पुन्हा येतात. बझर्ड आणि रेड काइट मात्र मेलेल्या पाखरांसाठी येतात. ते येऊन बसले तर दोष तुमच्या मांडणीत आहे.

तो दोष बहुतेक वेळा असा असतो : पडलेलं कबुतर उताणं राहतं. पोटाचा फिकट भाग वर आला, पंख एका अंगाला फाकला, की वरून जाणाऱ्या कबुतराला तो धोका दिसतो आणि काइटला जेवण. दहा-बारा बारांनंतर, आकाश मोकळं असताना, बंदूक रिकामी करून बाहेर जा आणि पडलेली पाखरं गोळा करा. मांडायची असतील ती पोटावर ठेवा, पंख अंगाला लावून घ्या. हनुवटीखाली बोटभर लांबीची टोकदार काडी मातीत रोवा, तिच्यावर डोकं असं टेकवा की मान किंचित वर राहील आणि चोच वाऱ्याकडे येईल. विस्कटलेलं पीस ओल्या बोटानं बसवा, पडलेली सुटी पिसं वेचा. उरलेली पाखरं लपणाच्या आत सावलीत, जाळीदार पोत्यात ठेवा. उघड्यावर ढीग रचला की काइट घिरट्या घालणारच.

शिकारी पक्षी मांडणीत उतरला की यंत्र लगेच बंद करा, फिरत्या दांडीनं त्याचा पंख मोडू शकतो. नायलॉनच्या दोरीत पाय अडकला तर अंगावर जाकीट टाकून डोकं झाका. अंधारात पक्षी शांत होतो. मग पाय मागून धरा, कारण नख्या चोचीपेक्षा घातक. दोरी सोडवू नका, कापा. पंख लोंबत असेल तर हवेशीर खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्या.

प्रश्न : वुडपिजनबरोबर दुसरी कबुतरंही डिकॉयवर येतात. झटक्यात ओळखायची कशी?
वाचक, नॉरफोक

पंख पाहा. मानेवरचा पांढरा पट्टा पाहून ठरवणारे इथेच चुकतात, कारण उन्हाळ्याअखेरीच्या कोवळ्या वुडपिजनला तो पट्टा नसतो. पंखावरचा पांढरा आडवा पट्टा मात्र पिल्लालाही असतो आणि उडताना लांबून चमकतो.

पंखात पांढरं काहीच नाही, अंग लहान आणि गोलसर, पंखांच्या कडा काळ्या आणि फडफड जलद, तर तो स्टॉक डव्ह. जवळून पाहिलं तर पंखावर दोन तुटक काळ्या रेघा, मानेवर हिरवी झाक आणि डोळा काळा. वुडपिजनचा डोळा फिकट पिवळा असतो. इंग्लंडच्या जनरल लायसन्समध्ये, म्हणजे ठरावीक पक्षी मारायच्या सरसकट परवान्यात, स्टॉक डव्ह नाही, त्याला मारणं बेकायदा आहे. धुक्यात किंवा सूर्य समोर असताना सगळीच पाखरं काळी दिसतात. तेव्हा बार नकोच. जागा बदलून सूर्य पाठीशी घ्या.

शर्यतीची कबुतरं एप्रिल ते सप्टेंबर जास्त दिसतात. थवा एकगठ्ठा, सरळ रेषेत, वेगानं जातो आणि डिकॉयकडे ढुंकून पाहत नाही. थकलेलं एखादं मात्र खाली उतरतं आणि माणसाला भीत नाही. पायात कडी असते. ते कुणाचं तरी जिवापाड वाढवलेलं पाखरू आहे. थोडं पाणी आणि चार दाणे द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर ते पुढे निघतं.

प्रश्न : कुणीतरी बारांचा आवाज ऐकून फोन केला आणि पोलीस शेतात आले. काय दाखवायचं, कसं वागायचं?
वाचक, केंट

गणवेश दिसताच बंदूक रिकामी करून उघडा, कव्हरवर आडवी ठेवा आणि तिच्यापासून चार पावलं दूर या. हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा. बंदूक हातात घेऊन त्यांच्याकडे चालत जाऊ नका, ‘रिकामीच आहे’ हे दाखवण्यासाठीसुद्धा नाही. त्यांना फोनवर फक्त ‘बंदूकधारी माणूस’ एवढंच कळलेलं असू शकतं. ते सांगतील तसं, सांगतील त्या क्रमानं करा.

१९६८ च्या फायरआर्म्स अॅक्टच्या कलम ४८ प्रमाणे पोलीस शॉटगनचं सर्टिफिकेट मागू शकतात, म्हणून ते जवळ असू द्या. जमीनमालकाची परवानगी तोंडी चालते, पण चार ओळींचं सही केलेलं पत्र वाद पाच मिनिटांत मिटवतं. त्यात शेतांची नावं आणि मालकाचा फोन हवा. पिकाचं गंभीर नुकसान रोखण्यासाठी इंग्लंडमध्ये जीएल ४२ हे जनरल लायसन्स लागू होतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण त्याच्या अटी मात्र लागू असतात. त्या दर वर्षी नव्यानं वाचा. न मारता पाखरं हुसकावायचे उपाय केले का, हा त्यातला कळीचा मुद्दा. म्हणून शेतकऱ्यानं गॅसगन (गॅसवर नुसता आवाज काढणारी तोफ), पतंग, पट्ट्या कधी लावल्या त्याच्या तारखा तुमच्या वहीत असाव्यात आणि कुरतडलेल्या रोपांचे दोन-चार फोटोही.

गावाजवळ बसणार असाल तर सकाळी १०१ या पोलिसांच्या तातडीव्यतिरिक्तच्या क्रमांकावर फोन करून जागा, वेळ, गाडीचा नंबर आणि किती जण आहात ते सांगा. मिळालेला नोंदीचा क्रमांक वहीत लिहा. जाता-येता पायवाटेवर बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये हवी. पायवाट ही सार्वजनिक जागा आहे.

प्रश्न : शेजारच्या कुरणातली वासरं हेज फोडून येतात आणि जाळी चावतात.
वाचक, डेव्हन

तरुण गोऱ्ह्यांना नवं काही दिसलं की ती गोळा होणारच. ओरडून पांगवलीत तर आणखी जवळ येतात. त्यांच्या अंगावरून बार काढू नका, घाबरून तारेवर जातात. सामान आवरा, त्यांच्या नजरेआड शंभर-दीडशे मीटर सरका. जाळीचा तुकडा पोटात गेला तर जनावर दगावू शकतं. त्यामुळे फाटलेला भाग जागेवर शोधा आणि सापडला नाही तर मालकाला सांगा. हेज फुटल्याचं तर त्याला तिथूनच फोन करून कळवा.

प्रश्न : संध्याकाळी कोल्हा येऊन पडलेली पाखरं नेतो. सहा नंबरच्या काडतुसानं मारला तर?
वाचक, श्रॉपशर

नको. कबुतरासाठीचे बारीक छर्रे कोल्ह्याच्या कातडीत आणि स्नायूत अडकतात. तो मरत नाही, जखमी होऊन बिळात जातो आणि दिवसच्या दिवस कुजत मरतो. लांब पडलेली पाखरं उजेड असेतो उचलत गेलात तर त्याला यायला कारणच उरत नाही. एखादं नेलं तर मोजणीत ‘पडलं, मिळालं नाही’ अशी नोंद करा आणि उरलेला शोध हेजच्या मुळाशी घ्या. जखमी कबुतर उडून जाऊन तिथेच दबा धरून बसतं.