पोरगा अचानक धार्मिक झालाय, चुकीच्या मार्गाला तर लागला नाही ना?

हा प्रश्न घेऊन बऱ्याच मुस्लिम आया समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. दाढी ठेवली, पाचही वेळा नमाज पढायला लागला, गाणी बंद केली, रात्रभर मोबाइल घेऊन खोलीत बसतो, मॅडम हा कुठल्या भलत्या नादाला तर लागला नाही ना. विचारतानाही आवाज खाली गेलेला असतो, कारण शेजारी कुणी ऐकलं तर काय, पोलिसांपर्यंत गेलं तर काय, आणि समजा काहीच नसलं तर आपणच आपल्या लेकराला बदनाम केलं असं व्हायला नको. ही भीती खरी आहे म्हणून एक केस इथे लिहितेय. मुलाची आणि आईवडिलांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आधी सरळ उत्तर देते. दाढी आणि नमाज यावरून काहीच ठरत नाही. विशीतली कितीतरी मुलं धर्माकडे वळतात, कुणाला शिस्त हवी असते, कुणाला शांतता, आणि बहुतेकांचं त्यात भलंच होतं. उलट दीन, म्हणजे धर्म, नीट शिकलेल्या मुलाला फसवणं अवघड जातं. सीरिया-इराकमधल्या आयसिस या दहशतवादी संघटनेत भरती झालेल्यांचे हजारो फॉर्म 2016 मध्ये बाहेर फुटले, त्यात शरियतचं, म्हणजे इस्लामी कायद्याचं, ज्ञान किती असा एक रकाना होता आणि अभ्यासकांनी ते फॉर्म तपासले तेव्हा जवळपास सत्तर टक्के लोकांनी तिथे फक्त प्राथमिक असं लिहिलेलं निघालं. म्हणजे धर्मात खोल गेलेली माणसं तिकडे गेली असं चित्र नाहीच. बहुतेकांना धर्माची जुजबी माहिती होती, आणि पोटात दुसरंच काहीतरी सलत होतं.

मी बघते ते वेगळं. मुलगा माणसं तोडतोय का? जुने मित्र, बहीण, मामा, अगदी मशिदीतले इमामसाहेबसुद्धा त्याला एकदम नकोसे झालेत का? बोलण्यात सारखं "आपण" आणि "ते" येतं का, मधलं कुणीच उरलं नाही असं? मरणाबद्दल कौतुकाने बोलतो का?

या केसमधल्या आईने यातल्या बऱ्याच गोष्टींना हो म्हटलं. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, शिकायला घरापासून लांब राहायचा आणि मधेच घरी परत आलेला. इमामसाहेबांना तो विकले गेलेले म्हणायला लागला होता. धाकट्या बहिणीला एकदा म्हणाला, तुम्ही सगळे झोपलेले आहात. वडिलांनी मोबाइल काढून घेतला, आरडाओरडा झाला, आणि मग पोराने कुठून तरी एक जुना फोन मिळवला जो फक्त रात्री चालू व्हायचा. आई वडिलांना न सांगता माझ्याकडे आली होती.

मी तिला विचारलं की हे सुरू व्हायच्या आधीच्या वर्षात काय झालं होतं. तिला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच होती.

मुलगा आला तो झोप लागत नाही म्हणून आला, आणि ते खरंही होतं. पण आईने काय सांगितलंय ते मी पहिल्याच भेटीत त्याच्यासमोर ठेवलं, आणि हेही सांगितलं की तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर मी गप्प बसणार नाही. अशा मुलांशी लपवाछपवी करून चालत नाही, कारण लपवाछपवीच्या जगातच तर ती राहत असतात. तो चिडला. तुम्ही मला सुधारायला बसलात का म्हणाला. मी म्हटलं, झोप कधीपासून जात नाही ते सांग.

खोली शोधण्यापासून, असं उत्तर आलं. कॉलेजजवळ त्याने आणि दोन मित्रांनी भाड्याने खोली बघितली होती, मालक छान बोलला, किल्ली हातात दिली, नळाला पाणी कधी येतं तेही दाखवलं. मग कागदावर नावं लिहायची वेळ आली. दोन मित्रांची नावं लिहून झाली आणि याने आपलं पूर्ण नाव सांगितलं तसा मालकाचा हात थांबला. किल्ली परत मागितली नाही त्याने, नुसता हात पुढे केला, आणि घरी विचारून कळवतो म्हणाला. मित्र मालकाशी भांडले नाहीत. आठवड्याने ते दोघं त्याच खोलीत राहायला गेले, तिसरा म्हणून दुसऱ्याच कुणाला घेऊन. याला म्हणाले, यार काय करणार, परीक्षा जवळ आलीये. ग्रुपवर त्याच्या नावावरून बॉम्बचे विनोद आधीपासूनच व्हायचे, आणि तो स्वतःही त्यावर हसायचा. हे सांगताना तो जरा थांबला आणि म्हणाला, मॅडम मीच सगळ्यात मोठ्याने हसायचो.

हे तो वडिलांना का बोलला नाही? कारण वडिलांचं उत्तर त्याला पाठ होतं, गप्प बस, अभ्यास कर, आपल्याला कुणाच्या नादी लागायचं नाही.

मग एका रात्री दोन वाजता एका ग्रुपवर त्याने काहीतरी लिहिलं आणि एका अनोळखी माणसाचा खासगी मेसेज आला, झोप नाही येत का भाई? बस एवढंच. ना जिहाद, ना शस्त्र, ना खिलाफत. पुढचे कित्येक आठवडे तो "भाई" फक्त ऐकत होता. पेपर कसा गेला विचारायचा, जेवलास का विचारायचा, खोलीचा किस्सा याने सांगितला तेव्हा त्याला राग आला. आपल्यासाठी कुणीतरी पहिल्यांदा रागावलं, हे त्या मुलाच्या मनात किती खोल गेलं असेल याचा पालकांनी जरूर विचार करावा. मग हळूहळू दुसऱ्या, बंद ग्रुपमध्ये नेलं. मग घरच्यांना सांगू नकोस, त्यांना कळणार नाही. मग मित्र सोड, ते तुझे कधीच नव्हते. मग छोटी छोटी कामं, हे फॉरवर्ड कर, ते अकाउंट उघड. आणि मग व्हिडिओ. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये 15 मार्च 2019 ला जुम्म्याच्या नमाजच्या वेळी दोन मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं गेली, मारणाऱ्याने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं होतं. त्याच्या क्लिप्स या मुलाला पुन्हा पुन्हा पाठवल्या गेल्या, सोबत एकच वाक्य, हे तुझे भाऊ होते, तू काय केलंस?

हा क्रम मी मुद्दाम सावकाश लिहितेय कारण पालकांना वाटतं की कुणीतरी विचार डोक्यात भरतो आणि मुलगा बिघडतो. विचार सगळ्यात शेवटी येतो. आधी अपमान असतो, मग तो सांगायला कुणी नसतं, मग ऐकणारा मिळतो, आणि मग तो ऐकणारा जे म्हणेल ते खरं वाटायला लागतं. वयही तसंच, आपण कुणीतरी महत्त्वाचे असावं असं प्रत्येक पोराला वाटतं, आणि इथे कुणीतरी सांगत असतं की तू साधासुधा नाहीस, तुझी कुठेतरी गरज आहे. आयसिसने 29 जून 2014 ला खिलाफत, म्हणजे स्वतःचं इस्लामी राज्य, जाहीर केली आणि शंभरहून जास्त देशांतून सुमारे चाळीस हजार लोक तिकडे गेले, त्यांच्यात डॉक्टर होते, बेकार होते, शाळेतल्या मुलीसुद्धा होत्या. गरिबी किंवा शिक्षण या एकाच कारणाने हे समजत नाही. मार्च 2019 मध्ये सीरियातलं बागूझ हे शेवटचं गाव त्यांच्या हातून गेलं तरी भरतीची ही पद्धत संपलेली नाही, ती फोनमध्ये आहे.

मी त्याच्याशी धर्मावर एकदाही वाद घातला नाही. तो माझा अधिकार नाही, आणि वादात तो जिंकलाच असता कारण त्याची सगळी उत्तरं तयार होती. मी फक्त एकदा विचारलं, तुझ्याबद्दल भाईला काय काय माहीत आहे? त्याने भलीमोठी यादी सांगितली, बहिणीच्या कॉलेजपर्यंत. आणि तुला त्याच्याबद्दल? नाव खरं की खोटं माहीत नाही, चेहरा बघितलेला नाही, गाव माहीत नाही, स्वतःची मुलंबाळं आहेत का माहीत नाही, असलीच तर त्यांना तो कुठे पाठवतोय माहीत नाही. यावर तो काही बोलला नाही. पुढच्या भेटीला येईल की नाही याची मला खात्री नव्हती, पण आला, आणि आल्या आल्या म्हणाला की मी त्याला फोटो मागितला तर तो माझ्यावरच शंका घ्यायला लागला.

धर्माचं बोलायला एक तरुण आलिम, म्हणजे इस्लामचे अभ्यासक, मिळाले, हे आमचं नशीब. आधी एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने त्याला बसवून हे सगळं हराम आहे असं तासभर सुनावलं होतं, त्याचा उपयोग शून्य झाला. या आलिमांनी बसल्या बसल्या म्हटलं, तुझा राग चुकीचा नाहीये, खोली मला पण नाकारलीय. मग पुढचं बोलणं झालं. सप्टेंबर 2014 मध्ये जगभरातल्या शंभरहून जास्त मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहून त्याचे एकेक दावे खोडले होते, ते त्यांनी त्याच्यासोबत वाचलं, घाई न करता, त्याचे प्रश्न घेत. आयसिसच्या ताब्यात गेलेल्या इराकच्या मोसुल शहरात मेलेली माणसं कोण होती तेही बोलले, बहुतेक मुसलमानच. आणि क्राइस्टचर्चचं जे त्याला कुणी पाठवलं नव्हतं ते सांगितलं. दुसऱ्या मशिदीत अब्दुल अझीझ नावाचा माणूस हल्लेखोराच्या अंगावर धावून गेला होता, हातात काय तर कार्ड स्वाइप करायचं मशीन, तेच त्याने फेकून मारलं, आणि नंतर हल्लेखोराने टाकलेली रिकामी बंदूक उचलून त्याच्या गाडीची काच फोडली, तेव्हा हल्लेखोर पळाला. आत अझीझची स्वतःची मुलं होती. मुलाने मला हे पुढच्या भेटीत सगळं परत सांगितलं, स्वतःहून. भाई म्हणायचा की मर्द असशील तर मारून दाखव, आणि इथे एक माणूस होता जो लोकांना वाचवायला गेला होता.

वडिलांचं काम सगळ्यात अवघड गेलं. ते म्हणायचे, माझ्या घरात असलं काही नाही, आणि दुसऱ्याच वाक्याला, मी ह्याचे पाय तोडीन. त्यांना मी एकच विनंती केली की तुमच्यासोबत नोकरीत कधी काही झालं असेल तर ते मुलाला सांगा. बराच वेळ गेला. मग एकदा माझ्यासमोर त्यांनी सांगितलं की दंगलीनंतरच्या दिवसांत कामावर त्यांच्या डब्याला कुणी हात लावायचं नाही, ज्यांच्याबरोबर ते वर्षानुवर्षं जेवत होते त्यांनी जागा बदलली होती, आणि ते एकटे जेवून घरी येऊन म्हणायचे आज छान गेला दिवस. मुलगा वडिलांकडे बघत राहिला. अब्बू तुम्ही कधी बोलला का नाहीत, एवढंच म्हणाला. त्यानंतर घरात या विषयावर बोलायला सुरुवात झाली, आणि माझ्या मते माझ्या कुठल्याही कौशल्यापेक्षा त्या दिवसाचा उपयोग जास्त झाला.

पोलिसांत सांगू का, हे प्रत्येक पालक विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे. प्रवासाची तयारी दिसली, पैसे जमवणं, शस्त्राबद्दल चौकशी, ठरलेली जागा किंवा माणूस, निरवानिरवीची भाषा, यातलं काहीही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, सांगायचं, कारण त्यात तुमच्या मुलाचाही जीव आहे. पण नुसती दाढी वाढली म्हणून शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने तक्रार केली तर भाई जे सांगत होता तेच आपण खरं करून दाखवतो. ब्रिटनमध्ये 2015 पासून शाळा-कॉलेजांवर अशा मुलांची खबर देण्याची कायदेशीर जबाबदारी आली, आणि किरकोळ बोलण्यावरून मुलांची नावं पुढे गेल्याबद्दल तिथे खूप टीका झाली, मुलं वर्गात तोंड उघडायलाच घाबरायला लागली. त्यापेक्षा डेन्मार्कच्या आरहूस शहराने पोलिस, पालिका, शाळा आणि पालक यांना एकत्र बसवलं, मुलाला एक मेंटॉर दिला, शिक्षण, नोकरी, घर यात मदत केली. तिथून 2013 मध्ये तीसेक तरुण सीरियाला गेले होते, 2014 मध्ये एक. फरकाची बाकी कारणंही असतील, पण दार उघडं ठेवल्याने नुकसान झालं नाही हे तर नक्की. जर्मनीत तर 2012 पासून खास अशा घरच्यांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, आईने फोन केला की आधी तिचं ऐकून घेतात. असं आपल्याकडेही गल्लोगल्ली हवं असं मला मनापासून वाटतं.

हा मुलगा आज नोकरी करतो. दाढी आहे, नमाज आहे, राग पण आहे, पण आता तो खोली नाकारली गेलेल्या मुलांना लेखी तक्रार कशी करायची ते सांगतो आणि कॉलेजमधला एक जुना मित्र स्वतःहून माफी मागायला आला तेव्हा त्याच्याशी बोलला. झोप अजून अधूनमधून जाते, तेव्हा तो बहिणीला उठवतो.

बहिणीबद्दल शेवटी एक सांगायचं राहिलं. त्या जुन्या फोनबद्दल तिला सगळ्यात आधी कळलं होतं, आईच्या कितीतरी आधी, पण भाऊ मार खाईल म्हणून ती बोलली नव्हती. बहुतेक घरांत असंच असतं, भावंडांना आणि मित्रांना आधी कळतं. म्हणून घरातल्या बाकी पोरांना आजच सांगून ठेवा की असं काही दिसलं तर येऊन बोला, त्याला मारणार नाही आणि तुझं नाव सांगणार नाही, आणि मग ते दोन्ही शब्द पाळा.