जुने संकेतस्थळ मोडावे की दुरुस्त करावे?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग असून आंब्याच्या पेट्या, आमरसाचे डबे आणि कोकम सरबत आम्ही थेट ग्राहकांना पाठवतो. २०१८ मध्ये एका ओळखीच्या मुलाकडून वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर वेबसाइट करून घेतली. त्यानंतर दर बदलण्यापलीकडे तिच्याकडे लक्ष दिलेले नाही. आता एका एजन्सीने वेबसाइटला वेगासाठी शंभरपैकी ३४ गुण असल्याचा अहवाल पाठवून ती नव्याने बांधण्याचे ८५ हजार रुपये सांगितले आहेत. हा खर्च करावा का?

उत्तर : केवळ त्या गुणांवरून करू नये. असे गुण बहुधा गूगलच्या ‘पेजस्पीड इन्साइट्स’ या मोफत साधनातून काढलेले असतात आणि ते आपल्यालाही मिनिटभरात काढता येतात. मध्यम दर्जाचा फोन व संथ इंटरनेट गृहीत धरून एकाच पानाची ही चाचणी होते, त्यामुळे लागोपाठ दोनदा केली तरी आकडा बदलू शकतो. गूगलच्या निकषांनुसार पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. छोट्या व्यवसायाची साइट येथे मागे पडते ती बहुतेकदा छायाचित्रांमुळे : बागेत मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच्या तसे चढवलेले असतात. ते लहान करून पुन्हा चढवणे हे एका दुपारचे काम आहे.

त्याहून उपयोगी परीक्षा घरीच घ्यावी. ज्याने आपली साइट कधी पाहिलेली नाही अशा व्यक्तीला वाय-फाय बंद करून फोनवर ती उघडायला सांगावे, दोन डझन आंबे नागपूरच्या पत्त्यावर मागवायला सांगावे आणि आपण शेजारी गप्प बसावे. दर या हंगामाचे आहेत की गेल्या मे महिन्याचे, त्या पिनकोडला माल पोहोचतो की नाही हे पैसे भरण्यापूर्वी कळते का, क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागतो का, हे लगेच उघड होईल. ऑर्डरचा ईमेल कोणाच्या खात्यात जातो हेही पाहावे. चौकशीचे फॉर्म कोणी न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर जात राहणे हा प्रकार आपल्याला वाटतो त्याहून सर्रास आढळतो.

मराठी मजकुराची तपासणी वेगळी करावी लागते. साइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवावी. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर मजकूर युनिकोडपूर्वीच्या (म्हणजे सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या) जुन्या फॉन्टमध्ये आहे. ओळ निवडताच येत नसेल तर तो बहुधा चित्रात आहे. दोन्ही परिस्थितींत ‘देवगड हापूस’ असे शोधणाऱ्या ग्राहकापर्यंत ते पान पोहोचणे अवघड असते, म्हणून तेवढा मजकूर नव्याने टंकित करून घ्यावा.

या सगळ्याआधी मात्र डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरील नाव, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते पाहावे. त्या मुलाच्या ईमेलवर नोंदणी असेल तर नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात असणार आणि मुदत टळल्यास साइट व तिच्यावरचे ईमेल दोन्ही एकदम बंद पडतील. डोमेन आणि होस्टिंगची (साइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे त्या सेवेची) खाती आपल्या नावावर, आपल्या फोन क्रमांकासह करून घ्यावीत. नवे डोमेन स्वतःच्या नावावर घेऊ पाहणाऱ्या एजन्सीला स्पष्ट नकार द्यावा.

देखभालीत वर्डप्रेस, थीम (साइटच्या रूपाचा साचा) आणि प्लगइन (जोड-सुविधा) अद्ययावत ठेवणे आले, पण त्याआधी पूर्ण बॅकअप घेऊन त्याची एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवावी. न वापरलेली प्लगइन नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत. होस्टिंग कंपनीला पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेवर चालते तिची, आवृत्ती विचारावी, कारण २०१८ च्या साइट अजूनही सातव्या मालिकेवर असू शकतात आणि त्या मालिकेतील शेवटच्या ७.४ चा अधिकृत आधारही नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. हे काम पावसाळ्यात उरकावे. एप्रिलमध्ये, पेट्या भरण्याच्या धांदलीत, एकाही बटणाला हात लावू नये.

आमरस व सरबताच्या पानांवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक द्यावा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्कही देणे आवश्यक आहे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

नवी बांधणी दोनच कारणांनी योग्य ठरेल : थीमच्या निर्मात्याने ती सोडून दिली असून ती नव्या पीएचपीवर चालत नसेल, किंवा साइटमध्ये अशी घुसखोरी झाली असेल की ती स्वच्छ करणे शक्य नाही. घुसखोरी ओळखण्यासाठी गूगलवर इंग्रजीत ‘site’, लगेच अपूर्णविराम (:) आणि पुढे जागा न सोडता आपले डोमेन लिहून शोध घ्यावा. सट्ट्याच्या किंवा जपानी भाषेतील जाहिरातींची पाने निघाली तर संशयाला जागा उरत नाही. बांधणी केलीच तर जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवून द्यावेत, हे करारातच लिहून घ्यावे.

प्रश्न : पुण्यात आमचे शिवणयंत्र दुरुस्तीचे दुकान आहे. गूगलवरच्या व्यवसाय नोंदीतून फुकट बनवलेली आमची वेबसाइट उघडत नाही. ती परत मिळेल का?

उत्तर : नाही. गूगलने ती सुविधा मार्च २०२४ मध्येच बंद केली. आपली व्यवसाय नोंद कायम असेल, तर तिच्यातील जुना दुवा काढून वेळ, क्रमांक आणि नकाशावरची खूण तपासावी. दुरुस्तीच्या दुकानाला तेवढे बऱ्याचदा पुरते. पाटीवर आणि पावतीपुस्तकावर छापलेला जुना पत्ता मात्र झाकून टाकावा.